पुनर्विक्रीचा फ्लॅट आणि त्याचे परीक्षक

पुनर्विक्रीच्या फ्लॅटला दोन किमती असतात. एक रेडी रेकनरमध्ये छापलेली, दुसरी विक्रेत्याच्या मनात. दुसरीत त्याने स्वतः निवडलेल्या फरशांचा रंग, त्याची अभिरुची आणि कोथरूडचा पत्ता यांचे पैसे धरलेले असतात. बाजार यांपैकी फक्त पत्त्याचे देतो.

ग्राहक सहसा एकटा येत नाही. सोबत एक जाणकार मामा असतात. भिंत ठोकून पाहणे, नळ सोडून धार बघणे आणि कशालाही ‘बरं’ न म्हणणे ही त्यांची कामे. क्षेत्रफळावर वाद ठरलेलाच, कारण विक्रेता बिल्टअप सांगतो आणि ग्राहक कार्पेट ऐकतो. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली, पण जुन्या करारनाम्यांना ती कोण सांगणार?

मग वास्तुदोष शोधायला मोबाइलमधले होकायंत्र निघते. हे यंत्र चुंबकीय असल्याने खांबातल्या सळया, लिफ्ट, फ्रिज अशा लोखंडापाशी त्याची दिशा ढळते. त्यामुळे एकाच घरात सोफ्याजवळची ईशान्य देवघरात, तर फ्रिजजवळची संडासात निघू शकते. विक्रेते शिकलेले असले की हे शास्त्र कागदावर आकृती काढून समजावतात. अशा एका व्याख्यानानंतर मामांनी शांतपणे फ्रिजही दोषांत धरला. दोष मोठा असल्यास शांत करावी लागते, आणि ती शांत विक्रेत्याच्या भावातून पाच लाख उतरवून होते. दोष असलेले घर नको, असे मात्र कोणी म्हणत नाही.

खरा त्रास वेगळाच असतो. स्वयंपाकघराच्या दारातून ग्राहक म्हणतो, “हे सगळं तोडूनच टाकावं लागेल.” ओटा नेहमीपेक्षा उंच असतो. घरातल्या बाईची वाकले की कंबर धरायची, म्हणून तो गवंड्याकडून मुद्दाम उंच करून घेतलेला असतो. ती बाई आता नसते. ही माहिती विक्रेता देत नाही. तो कडाप्पा किती चांगला आहे ते सांगत बसतो.

पितृपंधरवड्यात कोणी फिरकत नाही. इसार दसऱ्याच्या आसपास मिळतो. केवळ महिलेच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत असल्याने, तोवर ‘तू थांब जरा’ असे ऐकणाऱ्या सूनबाई अचानक मुख्य खरेदीदार होतात. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापून उरलेले देतो. दुय्यम निबंधकाकडे अंगठे आणि फोटो होतात, आणि बाहेर पडताना मामा विचारतात, “पंखे ठेवताय ना?” पंखे ठेवले जातात.

महावितरणच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत विजेचे बिल मात्र विक्रेत्याच्याच नावाने निघते. ते भरतो नवा मालक.