दर्शनी दरवाजाची मसलत

दर्शनी दरवाजासारख्या सार्वभौम वस्तूचा रंग घरधन्याने एकट्याने मुक्रर करावा, हा स्वैराचार आमच्या राजुरातून आता नामशेष होत चालला आहे, ही परमसंतोषाची गोष्ट होय. पूर्वी रंगारी येई, बैलगाडी रंगवून डब्यात जे उरले असेल ते फळीला फासून, गावचा प्रसिद्ध पेढा तोंडात टाकून चालता होई. विवेकाचा लवलेश नसे. आता रंगपत्रिका आली, तिच्यातील एकट्या पांढऱ्याचेच पोटभेद पाहून वडीलधारी मंडळी सद्गदित झाली, आणि पुण्याच्या जावयाचा कौल, वास्तुतज्ज्ञांचा अभिप्राय व शेजारच्या वहिनींची नापसंती घेतल्यावाचून कुंचला भिजेनासा झाला.

सुरगाणा तालुक्यातील भिंतघराने समतेच्या नादात अवघे गाव गुलाबी करून या शास्त्राची केवढी हानी केली! सर्वांचा रंग एकच, तर मसलत करायची कशाची? आमची नम्र सूचना अशी की, प्रत्येक दरवाजाची दरखास्त चावडीवर लावावी, हरकतींना तीस दिवसांची मुदत असावी, आणि अपील अकोले येथील तहसील कचेरीत चालावे. तोवर दरवाजा बिनरंगी राहील, परंतु बाकायदा राहील.

एका घरी अक्षय्य तृतीयेला आरंभलेली मसलत मृगाच्या तोंडावर हस्तिदंती रंगावर तडीस गेली. दुसरा हात वाळला, त्याच सायंकाळी भंडारदऱ्याकडून येणारी तिरपी झड अडविण्यासाठी ओसरीपुढे आढ्यापासून जोत्यापर्यंत निळी ताडपत्री बांधण्यात आली. ती दिवाळीपूर्वी सुटत नाही. तिचा रंग कोणी निवडला, याची नोंद दप्तरी आढळत नाही.