बीच मंजूर केल्याबद्दल आभार

प्रति,
किनारा नसलेल्या तालुक्यांना किनारा पुरवणारे मा. नियोजनकार साहेब,
(मे महिन्यातही स्वेटर लागतो त्या दालनात)

विषय : नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर परिसरात बेट, बीच व तंबू उपलब्ध करून देत असल्याबद्दल आभार आणि काही नम्र शंका.

संदर्भ : १) गोसीखुर्द धरणाचं पाणी. २) आपलं रंगीत सादरीकरण.

महोदय,

भिवापूरला समुद्र नाही, ही उणीव आम्हाला आजवर जाणवलीच नव्हती. आम्ही आपले मिरचीचा भाव, धानाचा चुकारा आणि रात्री येणारी थ्री-फेज यातच अडकून पडलो. आपण मात्र नकाशावर बोट ठेवलंत, ते बरोबर गोसीखुर्द धरणामुळे साचलेल्या वैनगंगेच्या फुगवट्यावर पडलं आणि त्या निळ्या डागात आपल्याला अंदमान दिसलं. पाण्यातून डोकं वर काढलेली टेकाडं ही बेटं, बुडीत शेताचा काठ हा बीच आणि त्यावर ओळीनं पांढरे तंबू. एका तंबूसमोर एक गोरी बाई हॅमॉकमध्ये पडून शहाळं पिताना दाखवली आहे. आमच्याकडे नारळ होत नाही, पण तेवढी तडजोड करू.

आमच्या शेजारी जलपर्यटनाची हवा आधीच आलेली आहे, हे मान्य. गोसीखुर्दच्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. त्याच वर्षी आंभोऱ्याला वैनगंगेवरचा केबलचा पूल सुरू झाला. त्याच्या उंच गॅलरीतून वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम दिसतो. रविवारी तिथे नागपूरच्या गाड्यांची रांग लागते. लोक फोटो काढतात, भजी खातात, चैतन्येश्वराला हात जोडतात आणि अंधार पडायच्या आत घरी जातात. याच आंभोऱ्यात मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला, असं आमच्याकडे मानतात. आपल्या सादरीकरणात त्यातला सिंधू तेवढा घेतलेला दिसतो.

तर आता मुद्द्याचं. आपल्या बीचची समुद्रसपाटीपासूनची उंची २४५.५ मीटर आहे. धरण पूर्ण भरलं की पाणी तिथवर येतं. इतक्या उंचीवरचा बीच काशीद-नागावला सात जन्मात जमणार नाही, याची जाहिरात अवश्य करावी. खऱ्या समुद्राला जायचं तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवून वर मुंबईची ट्रॅफिक खावी लागते. आमचं पाणी मात्र हा प्रवास फुकटात करतं. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे तालुक्यातलं पाणी वर्षानुवर्षं समुद्रावर जातंय, तालुक्यातली माणसं तेवढी मागे राहिली. त्यांच्यासाठी समुद्रच इकडे आणण्याचा आपला विचार थोर आहे.

सादरीकरणात एक वाक्य आहे की, स्थानिकांना आउटडोअर जीवनशैलीची ओळख करून दिली जाईल. त्याबद्दल विशेष आभार. आमचा अनुभव फारच तोकडा आहे. हरभरा-गहू उभा असला की आमचा शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाण, घोंगडं, टॉर्च आणि रानडुकरांना हाकलायला एक रिकामा डबा, एवढाच त्याचा किट. वर तारे असतात, खाली कधी कधी वाघ असतो. रात्रीच्या पाळीत लाइट आली की तो मचाणावरून उतरून ओलित करतो. याला आपल्या भाषेत ‘नाइट अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात, असं कळलं. आम्ही याचे कधी पैसे घेतले नाहीत, ही आमची चूकच झाली म्हणायची.

बायांचं आउटडोअर वेगळं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत छापलंय. ती मिरची जिथे वाळते आणि जिथे बसून बाया दिवसभर तिचे देठ खुडतात, त्या जागेला सातरा म्हणतात. माथ्यावर ऊन, नाकाला पदर, बोटांना आग. पाहुण्यांना ‘चिली एक्सपिरियन्स’ द्यायचा असेल, तर दोन तास सातऱ्यावर बसवावं. आग विझवायला फुगवट्यात उडी मारावीच लागेल, म्हणजे बोटिंगचं तिकीटही आपोआप खपेल.

आणि कॅम्पिंग म्हणाल तर ते आमच्या पूर्व विदर्भाला नवं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडची कितीतरी कुटुंबं फेब्रुवारी-मार्चात मिरची तोडायला तेलंगणात जातात. शेताच्या कडेला ताडपत्री बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची, लेकरं तिथेच झोपवायची. ताडपत्रीचे हे तंबू महिनोन्‌महिने उभे असतात आणि त्यात राहणाऱ्यालाच मजुरी मिळते. आपल्या तंबूत मात्र राहणाऱ्यानंच पैसे द्यायचे आहेत. हा फरक गावात समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. एक म्हातारी म्हणाली, “पैसे देऊन भुईवर झोपतेत? काहून जी, घरी खाट नाही का त्यांच्याकडं?” याचं उत्तर आपण लेखी कळवावं.

आता बेटांबद्दल. बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन, हे आम्हालाही शाळेत शिकवलं होतं. पण ही बेटं भूगोलानं बनवलेली नाहीत, सिंचन प्रकल्पानं बनवलेली आहेत. १९८३ मध्ये मंजूर झाला तेव्हा प्रकल्पाचा खर्च ३७२ कोटी होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्चाचा आकडा १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. ज्या अडीच लाख हेक्टरांचं ओलित होणार म्हणून नागपूर, भंडारा, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांनी आशेनं वाट पाहिली, त्यातली बरीच शेतं अजून ढगांकडेच बघतात. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं पोर आज बापाच्या सातबाऱ्यावर वारस लावायला चकरा मारतंय. कालव्याचं पाणी शेतात पोचायच्या आत बोटीत पोचलं, याला आपण ‘बहुउद्देशीय’ म्हणत असाल, तर उद्देशांचा क्रम एकदा तपासून घ्यावा.

त्या पाण्याखाली काय आहे, हे सादरीकरणात नाही. गावं आहेत. अंगणं, मारुतीचे पार, धानाच्या बांध्या, विहिरी, शाळेचे ओटे आहेत. ज्यांचं हे सारं गेलं, ते लोक वर्षानुवर्षं मोर्चे काढतात, धरणाच्या पाण्यात उतरून जलसमाधीचे इशारे देतात. २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेजही जाहीर झालं. तरीही पुनर्वसनाच्या वसाहतीत नळ, नाली, रस्ता आणि नोकरी यांच्या मागण्या कायम आहेत. आपला गाइड बोट थांबवून म्हणेल, “सर, इथे स्नॉर्कलिंग करा, खाली जुनं मंदिर दिसतं.” त्या मंदिरात ज्याचं लग्न लागलं, तोच माणूस बोटीच्या काठावर लाइफ जॅकेट वाटायला कंत्राटी पगारावर उभा असेल. ‘स्थानिकांना रोजगार’ या ओळीचा अर्थ एवढाच असेल, तर ती ओळ खोडावी.

पाण्याच्या प्रतीबद्दल आपण ‘स्फटिकासारखं’ असा शब्द वापरलाय. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदी घेऊन निघते, ते कन्हानमध्ये येतं, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि तिथून सारं फुगवट्यात शिरतं. काही भागात जलपर्णीनं असा हिरवा गालिचा घातलाय की आमच्या ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगाही अडतो. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. ती पूर्ण होईल तेव्हा खरी. तोवर चित्र असं आहे : नागपूरचा पाहुणा शनिवारी दुपारी ‘निसर्गाच्या कुशीत’ पोहायला येईल, पण त्याच्या मोरीचं पाणी त्याच्याआधीच बीचवर पोचून त्याची वाट बघत असेल. इतकी आत्मीयता रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मिळायची नाही.

बीचच्या वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. समुद्राची भरती-ओहोटी चंद्र ठरवतो आणि पंचांगात ती आधीच छापून मिळते. इथली भरती धरणाचे ३३ दरवाजे ठरवतात आणि तेही वरून किती पाणी सुटतं त्यावर. ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी सुटलं, तेव्हा वैनगंगेनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय केलं, ते इथली माणसं विसरलेली नाहीत. संध्याकाळी ज्या बेटावर आपण शेकोटी पेटवाल, ते सकाळी बेट राहील की नाही, हे दरवाजांच्या मर्जीवर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं, बीच वाढतो आणि चिखलाला भेगा पडतात. नवतपात पारा ४५ च्या पुढे गेला की तंबूत पाहुणा झोपत नाही, शिजतो. हिवाळा तेवढा गोड असतो. म्हणजे वर्षाला जेमतेम तीन महिन्यांचा धंदा आहे. उरलेले नऊ महिने तंबू कोणी उचलायचे, हे निविदेत लिहावं, नाहीतर तेही आम्हालाच जलपर्णीसारखे काढावे लागतील.

जंगल तर आपल्या यादीत ‘बोनस’ म्हणून आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झालं आणि त्यातलं काही जंगल आमच्या तालुक्यातलं. याच जंगलात ‘जय’ नावाचा वाघ होता. तो २०१६ मध्ये जो दिसेनासा झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव सफारीत पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला तिच्या पाच पिल्लांसह दोन्ही बाजूंनी अडवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाइडांवर कारवाई झाली. फोटोपायी जो माणूस वाघिणीची वाट अडवतो, तो बेटावर तंबूत मुक्काम करून, रात्री डीजे लावून, सकाळी रिकाम्या बाटल्या पाण्यात सोडून जाणार नाही, अशी हमी आपण कोणत्या स्टॅम्पपेपरवर देणार आहात? पुण्याकडच्या पवना धरणाच्या काठी तंबूंमध्ये शनिवार-रविवारी काय आवाज असतो, ते एकदा ऐकून यावं. आणि आमच्याकडे काठावर वाघ आहे, हे तंबूच्या पावतीवर बारीक अक्षरांत तरी छापावं.

पाहुणे येणार कसे, हेही सांगावं. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी गाडी भिवापूरहून जायची. तिची गती अशी होती की माणूस उतरून लघवीला जाऊन पुन्हा डब्यात चढायचा. खिडकीतून पळस आणि धानाच्या बांध्या बघणं, हेच तेव्हाचं आमचं पर्यटन. ब्रॉडगेजसाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. मोठी गाडी येईल तेव्हा येईल, पण तिच्या आधी बीच आला, तर पाहुण्यांना एस.टी.च्या टपावर बसून यायची तयारी ठेवायला सांगावं. हेदेखील आउटडोअरच.

महोदय, आमचा तंबूंना विरोध नाही. बाहेर मोकळ्यावर झोपायला आम्हालाही आवडतं. महादेवाला पचमढीला जाणाऱ्या पोह्यातल्या, म्हणजे जत्थ्यातल्या, मंडळींना विचारा. सातपुड्याच्या दरीत, झाडाखाली, भजनं म्हणत त्यांनी किती रात्री काढल्या असतील. नदीकाठी, पाहुण्यासोबत, वैनगंगेच्या झिंग्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकर खाण्याची मजा आम्हाला शिकवायला नको. आमची हरकत फक्त क्रमाला आहे. म्हणून विनंती अशी :

पहिलं, बुडीत गावांच्या लोकांचं पुनर्वसन आधी पूर्ण करा आणि बोटी, तंबू, खानावळ यांचे परवाने त्यांच्या सोसायट्यांना द्या. त्यांना मालक करा, वेटर नको. दुसरं, पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगलेल्या ढिवरांना मासेमारीच्या पट्ट्यातून हुसकावून तिथे जेट-स्की फिरवू नका. तिसरं, नाग नदीचं पाणी स्वच्छ झाल्याशिवाय फुगवट्यात पोहण्याची जाहिरात करू नका. चौथं, धरणाच्या दरवाजांची सूचना जशी खालच्या गावांना मिळते, तशीच ती काठावरच्या प्रत्येक तंबूला मिळेल अशी सोय आधी करा. आणि शेवटचं, पहिली बोट सुटण्याआधी शेवटच्या कालव्यात पाणी सोडा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जन्मजात आउटडोअर भिवापूरकर

ता. क. : बेटाला नाव काय द्यावं, असा प्रश्न आपल्या सादरीकरणाच्या शेवटी आहे. नवीन नाव शोधायची गरज नाही. त्या टेकाडाखाली जे गाव बुडालं, त्याचं नाव महसुलाच्या जुन्या नकाशात लिहिलेलं आहे. तेच द्यावं.