‘एक दाबा’ म्हणणाऱ्या बाईंस

मु. पो. काउंटरमागचा राउटर,
कुपवाड एमआयडीसी, सांगली.

बाई, सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही आमच्याकडे रुजू होऊन पाच महिने झाले. इतक्या दिवसांत एकदाही उशीर नाही, रजा नाही, चहासुद्धा नाही. तरी हे पत्र लिहावं लागतंय, आणि तेही उघड. खासगीत फोन करावा तर तो तुम्हीच उचलता.

तुमच्याआधी भिंतीवर दोन लाइन, आठ एक्स्टेन्शनचा ईपीएबीएक्स होता. कळकट डबा, आत पालीचा संसार. मे महिन्यात वळवाबरोबर वीज कडाडली, ती तारेतून आत शिरली आणि कार्ड जळालं. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मग टाय लावलेला एक तरुण आला. आधी त्याने पीआरआय लाइन सुचवली, ३० चॅनलची. म्हणजे एका वेळी तीस जण बोलणार. आम्ही आठ जण, त्यात एक वॉचमन, तो असाही बोलत नाही. शेवटी गडी आयपी फोनवर उतरला आणि आपण घासाघीस जिंकली असं मला वाटलं.

“नंबर तोच राहील ना?” मी विचारलं. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी ठेवता येतो, २०११ पासून देशभर ती सोय आहे. लँडलाइनच्या नशिबी ती नाही. आमचा नंबर तर तासगावपर्यंत टेम्पोंच्या पाठीवर आणि विहिरींच्या कठड्यांवर रंगवलेला. मग जुनी लाइन तशीच ठेवून तिचे फोन तुमच्याकडे वळवले. भाडं दोन्हीचं भरतोय.

आवाज तुटणार नाही, एका कॉलला शंभर केबीपीएसच्या आसपास लागतं, असं तो म्हणाला. ते खरं निघालं. विजेचा विषय मात्र त्याने काढला नाही आणि मला सुचला नाही. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे. लाइट गेली तरी थेट लाइनला लावलेला साधा फोन वाजायचा. तुमचं नाजूक. फायबरचा डबा, राउटर, स्विच, तिघांनाही करंट हवा. लाइट गेली की तुम्हाला घेरी. शेवटी यूपीएसही आला.

हेही चालवून घेतलं असतं. पण आमचं गिऱ्हाईक द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की दावण्याच्या धास्तीने त्याची फवारणीची घाई, आणि नेमका तेव्हाच एचटीपी पंप प्रेशर सोडतो. परवा असेच एक भाऊ बागेतून बोलत होते. हात बोर्डोने निळे, ओले. तुम्ही गोड आवाजात म्हणालात, “विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, हिशेबासाठी तीन.” फोन कानावरून काढायचा, काळा पडलेला स्क्रीन जागा करायचा, आकडे शोधायचे आणि त्या बोटाने दोन दाबायचा. दाबला गेला तीन. तीनवर आमच्या अकाउंटच्या ताई. त्यांनी आवाज बरोबर ओळखला, घरच्यांची चौकशी केली आणि गेल्या हंगामाच्या थकबाकीची आठवण करून दिली. भाऊंनी फोन ठेवला. पंप दुसरीकडे दुरुस्त झाल्याचं संध्याकाळी कळलं.

मग ताईंनी आठवडाभर वहीत रेघा ओढल्या. हे तुमची नेमणूक करण्याआधीच करायचं होतं, पण तेव्हा आम्ही ब्रोशर वाचत होतो. दिवसाला चाळीसेक फोन. एका वेळी तीनच्या वर कधीच नाहीत. निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच : “वॉशर सेट आहे का?” याला कसला आलाय विभाग? ज्याच्या हाताशी फोन, त्याने कपाट उघडून सांगायचं.

तेव्हा सोमवारपासून फोन आला की चारही टेबलांवर एकदम घंटी वाजेल. याला रिंग ग्रुप म्हणतात म्हणे, आणि ती सोय तुमच्यात पहिल्या दिवसापासून होती. टायवाल्याने दाखवली नाही, कारण त्याला तुमच्या आवाजाचं कौतुक. तुम्हाला काढत नाही. तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरलेत, काढतो कसला. रात्रपाळी देतो. संध्याकाळी सातनंतर एवढंच म्हणायचं, “दुकान सकाळी साडेआठला उघडतं, नाव-गाव सांगून ठेवा.” आकडे दाबायला लावायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पंपवाला

ता. क. तीन नंबर बंद केला म्हणून ताई रुसल्या आहेत. रात्री फोन करणाऱ्यांना थकबाकीचं तेवढं तुम्ही सांगाल का, असं विचारत होत्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.