अहो, समोरच्यांनी दुध्याचं लग्न लावलं म्हणे!

भाचीच्या रिसेप्शनमधून माणूस का उठून जातो? पोट बिघडलं, गाडी अडकली, फार तर व्याह्यांशी वाजलं. आमच्या समोरच्या बंगल्यातले काका मात्र संध्याकाळी पावणेसातला, स्टेजवर फोटोसाठी त्यांच्या नावाचा पुकारा चालू असताना उठले आणि काकूंना म्हणाले, "तू जेवून ये. मला घरी लग्न लावायचंय." काकूंच्या हातातली पाणीपुरी हातातच राहिली. शेजारच्या खुर्च्यांवरच्या आपल्या सगळ्यांचीही राहिली. आपण ती नंतर खाल्ली, हा भाग वेगळा.

लग्न दुध्याचं होतं. काकांच्या गच्चीवर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा आहे. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्याच्यावर हिरवी शेडनेट आणि चारी बाजूंनी किडे शिरू नयेत म्हणून बारीक जाळी. काका त्याला 'ग्रीनहाउस' म्हणतात, काकू 'मांडव' म्हणतात. आता दुध्याचं फूल पडलं रातराणीच्या जातीचं: संध्याकाळी उमलणार, सकाळी मान टाकणार. त्याचा भटजी म्हणजे रात्री हिंडणारा पतंग. तो बिचारा जाळीवर टकरा देऊन परत जातो. मुळात जाळी लावली कशाला? तर फवारा मारायला नको म्हणून. मग अक्षता कुणी टाकायच्या? पस्तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जं नामंजूर करण्यात घालवलेला हा गृहस्थ, आता रोज तिन्हीसांजेला कपाळाला बॅटरी बांधून लांब देठाचं नर फूल खुडतो, त्याच्या पाकळ्या सोलतो आणि मागे बोटभर दुधी असलेल्या मादी फुलाला हलकेच टेकवतो. एवढ्या हळुवारपणे त्यांनी स्वतःच्या लग्नात हारसुद्धा घातला नसेल, असं काकूच म्हणाल्या. आपण कशाला बोलावं?

आणि हे एकटे काका असते तर एक वेळ 'निवृत्ती मानवली नाही' म्हणून सोडून दिलं असतं. पण कोथरूड घ्या, औंध घ्या, सहकारनगर घ्या, अख्ख्या पुण्याला हिरवा ज्वर चढलाय. दोन माणसं भेटली की पूर्वी गुडघे आणि अमेरिकेतली मुलं हे विषय निघायचे. आता काय निघतं? "तुमच्याकडे मावा आहे का हो?" असं भर दुकानात विचारलं जातं आणि मिठाईवाला उगाचच "आहे ना, ताजा आहे" म्हणतो.

बंगलेवाल्यांच्या लॉनचं तर बघवत नाही. अरे, काय थाट होता त्या लॉनचा! सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून सतरंजीसारखं गुंडाळून आणलेलं गवत, कुणाचं मेक्सिकन, कुणाचं कोरियन. त्यावर चप्पल घालून पाय ठेवला तर मालकाचा चेहरा असा व्हायचा, की तुम्ही त्याच्या पोटावरच उभे आहात. हजार चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात त्यावर रोज पाच मिलिमीटर पाणी शिंपडायचं म्हटलं तर साडेचारशे लिटरच्या वर गेलं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे अंगणात जवळपास साडेतीन पाहुणे आडवे पडलेले, तेही ऐन मे महिन्यात आणि हलायचं नाव नाही. एवढं करून गणेश चतुर्थीला दूर्वा कुठून यायच्या? मंडईतून, जुडी विकत घेऊन! कारण त्या परदेशी गालिच्यातून एकवीस दूर्वा निघायच्या नाहीत.

आता तेच लोक उलटे फिरलेत. लॉनमध्ये युरिया? शिव शिव. तणनाशक? नाव काढू नका, घरात नातवंडं आहेत. गवत तीन इंच वाढू द्यायचं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, आणि कापलेलं उचलायचं तर मुळीच नाही. ते तिथेच कुजून नत्र होऊन परत गवताच्याच पोटात जातं. शास्त्र चोख आहे, नाही म्हणत नाही. पण वीस वर्षं कापलेलं गवत पाटीत भरून नेणाऱ्या माळ्याला हे कोण समजावणार? "उचलायचं नाही, पाणी रोज घालायचं नाही, औषध मारायचं नाही, मग मी यायचं कशाला?" असं त्याने विचारलं. बाईंनी त्याला बसवून नत्राचं चक्र समजावलं. तो पुढच्या महिन्यात पगारवाढ मागून गेला. ऐकून घेण्याचे, बहुतेक.

लव्हाळ्याची कथा त्याहून सरस. वरून उपटावा तर खाली गाठींची माळ शिल्लक, आठवड्यात पुन्हा हजर. औषध बंद, म्हणजे खुरपं आलं. खुरपं आलं, म्हणजे माणसं आली. म्हणून रविवारी सकाळी 'या ना सगळे, खुरपायला' अशी आमंत्रणं निघू लागली, सोबत कांदाभजी आणि आल्याचा चहा. ज्यांच्या आईवडिलांनी शेतातल्या खुरपणीला कंटाळून गाव सोडलं, त्यांची पोरं पेट्रोल जाळून खुरपायला जातात! ही काय रीत झाली? आपण गेलो नाही का? गेलो की. दोन तास उकिडवे बसलो, दोन दिवस कंबर धरून चाललो आणि वर म्हणालो, "काय शांत वाटलं!"

एका महाभागाने तर कळसच केला. त्याने मेक्सिकन उखडलं आणि त्या जागी चक्क हरळी लावली. कमी पाण्यावर तगते, तुडवली तरी उठते, आणि हिचंच नाव दूर्वा, म्हणजे बाप्पाचीही सोय. सगळं खरं. पण हरळी आणायला तो गेला मुळशीकडच्या एका शेतकऱ्याकडे. त्या शेतकऱ्याच्या तीन पिढ्या हरळीच्या काशा खणून बांधावर फेकण्यात गेल्या. शहरातला माणूस गाडी करून हरळी मागायला आलाय म्हटल्यावर त्याने आधी त्याला सावलीत बसवून पाणी दिलं. मग भाव सांगितला.

आणि जीवामृत? त्याबद्दल न बोललेलं बरं, म्हणून जरा सविस्तर बोलू. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी या खताची कृती शेतकऱ्याला सांगितली, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, शेकडो गावांनी ती करून पाहिली. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, हे सगळं दोनशे लिटर पाण्यात. रोज काठीने ढवळायचं, दोन दिवसांत तयार. पण नीट ऐका, हे प्रमाण एका एकराला आहे. आपल्याकडे किती जमीन? बाल्कनीत बारा कुंड्या. तरी निळा पिंप आलाच! मैसूरपाकाच्या वाटेने निघालेलं बेसन आणि गुळपोळीसाठी राखलेला गूळ शेणात गेला, घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आणि बांधावरची माती पुण्यात आणायची कुठून? बांध म्हणजे आपल्याला बिल्डरची भिंत माहीत. म्हणून लोक पहाटे तळजाईच्या टेकडीवर जातात आणि वडाखाली वाकून मूठभर माती रुमालात बांधतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, काय हा भाविकपणा!

वास येतो का? येतो. पण 'वास येतो' असं म्हणायचं नाही, 'जिवंत आहे' म्हणायचं. ज्याचा पिंप लांबून ओळखू येतो, त्याचा सोसायटीत दबदबा. पूर्वी चौथ्या मजल्यावरून बोंबील तळल्याचा वास आला तर बैठक बसायची. आता शेणाचा आला तर लोक नाक दाबून विचारतात, "उरलं तर अर्धा लिटर देता का?"

ज्यांना शेण झेपत नाही, त्यांचं बायोएंझाइम. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबीची सालं, दहा भाग पाणी, बाटलीत भरून तीन महिने. सुरुवातीला रोज झाकण सैल करून हवा सोडायची. एका ताई चार दिवस महाबळेश्वरला गेल्या आणि विसरल्या. स्वयंपाकघराच्या छतावर अजून सालीचा एक तुकडा आहे. पुसू देत नाहीत. पाहुण्यांना दाखवतात.

महापालिकेनेही या आगीत तूप घातलंच आहे. गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी, यांतलं एक केलं तर मिळकतकरात पाच टक्के सूट, अधिक केली तर दहा. पुणेकर आणि सूट! एका सोसायटीत म्हणे तपासणीच्या आदल्या रात्री खड्डा उघडला तर आत एकही गांडूळ नाही. मग काय, शेजारच्या सोसायटीतून वाटीभर गांडुळं उसनी आणली. पूर्वी विरजण आणायचे तशी. परत करताना मोजून केली की नाही, यावर अजून दोन्ही सोसायट्यांत अबोला आहे.

पण खरी गंमत त्या ग्रीनहाउसची. विलायतेत १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि तिथल्या साहेबाने थंडीने काकडणाऱ्या झाडांसाठी काचेची घरं बांधायचा सपाटा लावला. मुळात कुणासाठी? बाहेर बर्फ आणि आत ऊब, अशांसाठी. आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. त्यात कागदाचा मांडव घालून आत आणखी ऊन कोंडायचं, मग ते कोंडलेलं ऊन घालवायला वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, मग बाजूच्या पडद्यांच्या गुंडाळ्या, मग धुकं फवारणारे फॉगर, मग पंखा! गोधडी पांघरून एसी लावण्यातलाच हा प्रकार. काकांना हे कोण सांगणार? एकदा सांगायला गेलो. त्यांनी आत नेलं, पावसाळ्यातही न झोडपलेली कोथिंबीर दाखवली, लेट्यूसची पानं दाखवली, चेरी टोमॅटोच्या फुलांना दात घासायचा विजेचा ब्रश लावून परागकण कसे झटकायचे तेही दाखवलं. बाहेर पडताना माझ्या हातात पाच टोमॅटो होते आणि तोंडातून "पाइपाचं माप काय हो?" असं निघून गेलं होतं. सगळा सांगाडा, जाळी, ठिबक यांचा हिशेब मांडला तर तो प्रत्येक टोमॅटो सोनाराकडेच विकायला हवा. काका हिशेब मांडत नाहीत. तेही बँकवाले असून!

आता जरा एकमेकांच्या डोळ्यांत बघू. इतकी नावं ठेवली, पण जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात 'नुसतं बघायला' गेलेले आपण रिकाम्या हाताने आलो का? चहाची पावडर, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं आपण आताशा कचऱ्यात टाकतो का? लेकीच्या सासरी गेल्यावर गप्पांत गुंतवून जास्वंदीची फांदी कुणी मोडली? ताक आंबट झालं तर 'अरे वा, भुरीवर चालेल' असं कोण म्हणालं? आणि पिठ्या ढेकणाला जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याची आंघोळ घालताना, त्याच्याशी कोण बोलत होतं?

त्यातही पालापाचोळ्याची हाव तर सांगायची सोय नाही. खताच्या टोपलीत ओला कचरा घातला की वर सुकी पानं हवीतच, नाहीतर पाणी सुटतं आणि चिलटं होतात. पूर्वी हीच पानं झाडून कोपऱ्यात पेटवायचे. २०१६ अखेरीस हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला पाच हजारांचा दंड लावला, आणि पुण्यात 'ब्राऊन लीफ'सारख्या चळवळीने पानं असलेल्यांची नि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. झालं! पाचोळ्याला भाव आला. बदामाची पानं मोठी पण लवकर कुजत नाहीत, पर्जन्यवृक्षाची बारीक नि झटपट, आंब्याची चिवट. लोक आता पानांवर अशी मतं देतात, जशी पूर्वी तांदळावर द्यायचे. फेब्रुवारी-मार्चात पानगळ लागली की पहाटे रस्त्यावर चालायला निघालेल्या माणसांच्या बगलेत घडी घातलेलं पोतं असतं. झाडूवाल्या मावशी यायच्या आत गाठायचं असतं ना! ओळखीचं कुणी समोरून आलं की दोघंही हवामानावर बोलतात.

परवा आपल्याच फाटकाशी ठेवलेलं भरलेलं पोतं रात्रीत नाहीसं झालं. बदामाची पानं, गच्च दाबून भरलेली, तोंड सुतळीने बांधलेलं. सकाळी बघतो तर समोरच्या गच्चीवर, त्या मांडवाच्या दारात, तेच पोतं आणि तीच सुतळी. काका वरून हात हलवून "काय, आज फिरायला नाही?" म्हणाले. सरळ तक्रारच करायला हवी होती. पण करणार कशी? आदल्या रात्री साडेअकराला ते पोतं मी त्यांच्याच फाटकाशी उचललं होतं.