इथूनच करतो

पूर्णेहून नांदेडकडे निघालेल्या गाडीला पहिलं स्टेशन लागतं ते चुडाव्याचं. बऱ्याच एक्सप्रेस गाड्या ते लागल्याची दखल घेत नाहीत. या गावात, माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासमोरच्या गाळ्यात, रिमोटभाऊ बसतात. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

रिमोटभाऊ हा आता तालुक्यागणिक सापडणारा प्राणी आहे. त्याच्या आधीच्या पिढीत 'कॉम्प्युटरवाला' होता. तो खिशात स्क्रू ड्रायव्हर घालून मोटारसायकलवर यायचा, डबा उघडून आत फुंकर मारायचा, रॅम काढून तिची कड खोडरबराने घासायचा, परत बसवायचा आणि म्हणायचा, "करा चालू." निम्म्या वेळा चालू व्हायचं. उरलेल्या वेळी तो चहा पिऊन डबाच घरी न्यायचा. रिमोटभाऊंना ही सगळी पद्धत अडाणी वाटते. यंत्राला हात लावणं म्हणजे त्यांच्या लेखी डॉक्टरने गोवराच्या पेशंटला मिठी मारणं. फोन कुठूनही येवो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "यायची गरज नाही. इथूनच करतो."

मग ते एनीडेस्कचा, म्हणजे दुरून दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायच्या ॲपचा, नंबर मागतात आणि तिथेच पहिली ठेच लागते. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनेच या ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ते वारं आमच्या भागात पोचायला वेळ लागला, पण पोचलं ते पक्कं. फोनवर कुणी आकडे मागितले की आता शेंबडं पोरही फोन कापतं. शेजारच्या गावातल्या एका किराणा दुकानाच्या मावशींनी भाऊंना असंच धरलं.

"आमी नाई आकडे सांगत. तुमच्यासारखे लई पाहिले."

"अहो मावशी, मी चुडाव्याचा! तुमच्या थोरल्या जावेच्या माहेरचा!"

"ते बी असंच म्हणत्यात."

शेवटी भाऊ मोटारसायकल काढून तिकडे गेले, मावशींना तोंड दाखवलं, जावेच्या भावाचं नाव सांगितलं, परत चुडाव्याला आले आणि इथूनच केलं.

पण एकेका मशीनमध्ये शिरून 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत बसणं हे भाऊंच्या मते मजुरीचं काम. त्यांचा जीव स्क्रिप्टमध्ये. एकदा लिहायची, एकदा एंटर मारायचा आणि डझनभर मशीनवर सॉफ्टवेअर आपोआप बसलं पाहिजे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ साली सिसइंटर्नल्स सुरू केलं. त्यातलं पीएसएक्झेक, म्हणजे इथे बसून तिकडच्या मशीनला आज्ञा सोडायचं हत्यार, हे भाऊंचं पहिलं प्रेम. पुढे २००६ साली मायक्रोसॉफ्टने तो सगळा कारभारच विकत घेतला. ही हकिगत भाऊ अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गरिबाघरची पोरगी मोठ्या घरात पडली. हल्ली ते पॉवरशेलवर असतात. काळ्या नाही, निळ्या खिडकीत. निळी खिडकी उघडी असली की आम्ही त्यांना चहाचं विचारत नाही, नुसता आणून ठेवतो.

इन्स्टॉलरने परत पाठवलेल्या आकड्यांवरून ते निदान करतात. शून्य म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण मशीन एकदा बंद करून उठवा. १६१८ म्हणजे त्या मशीनवर आधीच दुसरं काहीतरी बसतंय, तुमचा नंबर नंतर. १६०३ म्हणजे बिघडलं, आणि काय बिघडलं ते सांगणार नाही. घरात भांडण झाल्यावर "काय झालं?" विचारलं की "काही नाही" असं उत्तर येतं, तसा हा १६०३. आकडाच आला नाही तर त्याहून वाईट. मागे एकदा 'गुपचूप बस' असं सांगणारा शब्द आज्ञेत लिहायचा राहिला. इन्स्टॉलरने समोरच्या मशीनवर 'पुढे जाऊ का?' असं विचारलं, पण ज्या पडद्यामागे विचारलं तो तिथल्या कुणाला दिसतच नाही. बिनदाराच्या खोलीत पाहुणा बसून पाणी मागतोय आणि घरचे म्हणतात, कुणी आलंच नाही! भाऊ दीड तास घड्याळाकडे बघत होते.

तर पूर्णेच्या एका टायपिंग क्लासचं काम आलं. बारा मशीन, सगळ्यांवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घालायचं, परीक्षा तोंडावर. चुडाव्यापासून पूर्णा म्हणजे एक स्टेशन. पेनड्राइव्ह खिशात घालून कुणीही गेलं असतं आणि दुपारच्या जेवणाला घरी आलं असतं. भाऊ म्हणाले, "इथूनच करतो."

बेत असा: क्लासच्या सरांच्या मशीनमध्ये एनीडेस्कने शिरायचं आणि तिथून आतल्या नेटवर्कवर स्क्रिप्ट सोडायची. सेटअपची फाइल क्लासच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. संध्याकाळी दुकान मिटून मीही जाऊन बसलो. क्लासमध्ये मदतीला एक पोरगा होता, फोन स्पीकरवर.

पहिल्याच फटक्यात बाराही मशीननी नकार दिला. कारण एकालाही पासवर्ड नव्हता. मला वाटलं, कुलूपच नाही म्हणजे बरंच झालं. तसं नसतं. ज्या खात्याला पासवर्ड नाही त्याला समोर बसून कुणीही वापरावं, पण नेटवर्कवरून त्या नावाने आत यायचं नाही, असा विंडोजचा मूळचा शिरस्ता. मग पोरगा बाराही मशीनवर फिरून पासवर्ड घालून आला. पुन्हा नकार. आता कारण असं, की नेटवर्क पहिल्यांदा जोडलं तेव्हा कुणीतरी 'पब्लिक' वर बोट ठेवलेलं होतं. म्हणजे ही जागा घर नाही, चावडी आहे, असं प्रत्येक मशीन समजून बसलेलं, आणि चावडीवर कोण कुणाला घरात घेतो? पोरगा पुन्हा बाराही मशीनवर फिरला.

"सर, मीच पेनड्राइव्हनं टाकू का?" त्याने विचारलं.

"हात लावू नको," भाऊ म्हणाले. "रिमोटचं काम आहे."

आता मशीनं आत घेऊ लागली, पण फाइल मिळेना. स्क्रिप्ट सरांच्या मशीनवरून लॅबच्या मशीनवर जाई, तिथे उभी राहून ऑफिसच्या कॉम्प्युटरला फाइल मागे, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणे, तू कोण? पासवर्ड बरोबर, हक्क बरोबर, तरी दार बंद. भाऊंनी तासभर त्याच चार ओळी उलट्यासुलट्या केल्या.

मागे बाजेवर त्यांचे वडील पडलेले होते. आबा रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून उतरले. ऐकू कमी येतं, असं ते सांगतात. ते उठून बसले.

"काय अडकलंय?"

भाऊंनी वैतागूनच सांगितलं. इथून तिथवर जातंय, तिथून पुढं जाऊ देत नाहीत.

"मंग गोळा कोणता दाखवायलास?"

एकेरी लाइन होती तेव्हाची गोष्ट. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नसे. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेने बांधलेली. एका टप्प्याचा एकच गोळा एका वेळी बाहेर निघे, म्हणून त्या टप्प्यावर एकच गाडी.

"पूर्णेत मिळालेला गोळा चुडाव्यापुरता," आबा म्हणाले. "चुडाव्यात त्यो टाकायचा, पुढचा उचलायचा, मंग लिंबगाव. पूर्णेचा गोळा दाखवून लिंबगावाला गाडी सोडायला मास्तर काय येडा हाय?"

भाऊ दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे माल आधी चुडाव्यातच उतरून घ्यायचा," ते पुटपुटले, आणि फाइल आधी लॅबच्या मशीनवर नेऊन ठेवायची, मग तिथल्या तिथे चालवायची, अशी स्क्रिप्ट बदलली. जगभरचे जाणते लोक या अडचणीला 'डबल हॉप' म्हणतात आणि तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. आबा परत आडवे झाले होते.

स्क्रिप्टला मशीनांच्या नावांची यादी लागते. ती माझ्यावर आली, कारण भाऊ मधेच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर जागा करत होते. पोरगा एकेका मशीनपुढे जाऊन नाव वाचू लागला. "लॅब-०१." लिहिलं. "पुढचं?" "लॅब-०१." लिहिलं. सातव्या वेळी माझ्या मनात किंचित शंका आली, पण निळी खिडकी उघडी होती. तंत्रज्ञानात असंच असेल म्हणून मी बारा वेळा लॅब-०१ लिहून यादी पूर्ण केली.

एंटर मारला. पहिला आकडा शून्य आला, भाऊंनी मांडीवर थाप मारली. बाकी अकरा ठिकाणी १६१८.

"तिकडं कुणीतरी इन्स्टॉल करायलंय," भाऊ फोनवर गरजले. "मी सांगितलं होतं ना हात लावू नको?"

"सर, मी दाराजवळ हाय. कुणीच काई करंना."

"मग हे कोण करायलंय?"

तेच करत होते. पण ते सकाळी कळलं. रात्री भाऊंनी स्क्रिप्टला शिकवलं, की १६१८ आला तर मिनिटभर थांब आणि पुन्हा घाल. लाइन रिकामी होईल तशी एकेक गाडी आत आली. मधे लाइट गेली, आली. साडेबाराला पडद्यावर बारा शून्यं ओळीने उभी होती. भाऊंनी त्यांचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

सकाळी सातला फोन. सॉफ्टवेअर एका मशीनवर आहे. तिथे ते बारा वेळा बसलेलं होतं, बिचारं. क्लासवाल्यांनी कधीकाळी एकच हार्डडिस्क तयार करून तिच्यावरून बाकीच्या अकरा छापल्या होत्या आणि नाव बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पोराने जे दिसलं तेच वाचलं होतं.

यादी कुणी लिहिली, हे भाऊंनी मला विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि मोटारसायकलला किक मारताना एवढंच म्हणाले, "१९ जुलै २०२४ ध्यानात हाय का? क्राउडस्ट्राइकची एक फाइल चुकली आणि ८५ लाख मशीन एकदम बसली. विमानतळावर हातानं पास लिहून दिले. इथूनच करतो म्हणणारे सगळे जगभर मशीनपाशी चालत गेले, एकेका मशीनवर जाऊन ती फाइल खोडली. त्यांना बी जावंच लागलं." आणि ते पूर्णेकडे गेले.

अकराच्या सुमाराला माझ्याच दुकानात स्कॅनर रुसला. एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन बसलेले. मी भाऊंना फोन लावला. तिकडून कळफलकांची टकटक आणि पोरांचा गलका ऐकू येत होता.

"तुम्ही तिकडंच असा," मी म्हणालो, "मी थांबतो."

"थांबायचं काय काम? इथूनच करतो. फक्त एक करा. माझ्या दुकानात जा. माझ्या मशीनवर एक खिडकी उघडलेली असेल, तिच्यावर 'ॲक्सेप्ट' म्हणून हिरवं बटण हाय, तेवढं दाबा. मग मी माझ्या मशीनवरून तुमच्यात येतो."

मी रस्ता ओलांडून समोर गेलो. आबा बाजेवर पेपर वाचत होते. मी बटण दाबलं. कुठल्या कुठे पूर्णेतून हलवलेला बाण पडद्यावर आपोआप सरकू लागला. आबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी कुठवर आली?"

"चुडाव्यापर्यंत आली, आबा."

"मंग थांब जरा," आबा म्हणाले, "गोळा बदलायचाय."