यवतमाळ जिल्ह्यातील हिममत्स्यग्रहण : साधने, स्थळे व शिष्टाचार

गोठलेल्या तलावाच्या पृष्ठभागाला भोक पाडणे, त्यातून गळ सोडणे आणि गळाला काही लागेपर्यंत किंवा मित्रांत वाद होईपर्यंत त्या भोकाशेजारी बसून राहणे, या तीन क्रियांच्या समुच्चयास हिममत्स्यग्रहण असे म्हणतात. फिनलंड, कॅनडा आणि अमेरिकेचे मिनेसोटा राज्य ही या विद्येची जुनी पीठे असून दक्षिण कोरियातील ह्वाचॉन येथे २००३ पासून हिवाळ्यात तिची मोठी जत्रा भरते. यवतमाळ जिल्ह्यात या विद्येचा प्रसार मुख्यतः परदेशी नोकरीला गेलेल्या पुतण्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांमुळे झाला. छायाचित्रात पुतण्या टोपीपासून बुटापर्यंत गुंडाळलेला असतो, त्याच्या हातात हातभर मासा आणि पाठीमागे नजर जाईल तिथवर पांढरे मैदान असते. ते पाहून दारव्हा, दिग्रस किंवा पुसद येथील चारचौघांच्या मनात आपणही हे करून पाहावे अशी ऊर्मी उठते, आणि जिल्ह्यातले तलाव गोठत नाहीत एवढ्या किरकोळ कारणाने ती ऊर्मी शमत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा चारचौघांसाठी सिद्ध केले आहे.

प्रथम शास्त्र. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते व तेथेच गोठते, म्हणून बर्फ तलावाच्या माथ्यावर धरतो, खाली पाणी वाहते राहते आणि मासा जगतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाचा दंडक असा की, पायी चालणाऱ्या माणसाखाली निदान ४ इंच जाडीचा पक्का, नितळ बर्फ असावा. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असून डिसेंबर-जानेवारीत तेथील पारा रात्री १० अंशांच्या आसपास व कधी त्याहूनही खाली उतरतो, आणि अशा सकाळी वर्तमानपत्रे ‘जिल्हा गारठला’ असे जाहीर करतात. तथापि हवेचा गारठा आणि धरणाचा गारठा यांत अंतर आहे. एवढे मोठे पाणी दिवसभराचे ऊन पोटात घेऊन बसत असल्याने त्याचे तापमान शून्याच्या आसपासही फिरकत नाही, आणि परिणामी बर्फाची जाडी शून्य इंच भरते. शून्य इंच बर्फ किती माणसांचा भार सोसतो याचे कोष्टक कोणत्याही विभागाने प्रसिद्ध केलेले नाही, सबब सर्व सदस्यांनी काठावरच बसावे.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विलायती ग्रंथांत सांगितलेले हिमछिद्रक, म्हणजे बर्फाला भोक पाडणारा पुरुषभर उंचीचा गिरमिट, जिल्ह्यातील हार्डवेअरच्या दुकानांत मिळत नाही. त्याऐवजी सब्बल न्यावी, ती चुलीचा खड्डा खणायला आणि काळ्या मातीत रुतलेले गाडीचे चाक मोकळे करायला हमखास उपयोगी पडते. गळ, बांबूची काठी आणि तंगूस (नायलॉनचा बारीक, पारदर्शक दोरा) ही सामग्री आठवडी बाजारात सुटी मिळते. तरंग म्हणजे गळाच्या वर दोऱ्याला बांधलेला हलका तुकडा, जो बुडाला की मासा लागला असे समजतात. तो ज्वारीच्या वाळल्या धांड्याचा करावा, कारण तुटल्यास दुसरा धुऱ्यावरच सापडतो. आमिषासाठी गांडूळ किंवा कणकेचा गोळा, आणि मासे एका जागी गोळा व्हावेत म्हणून पाण्यात टाकायला ढेप, म्हणजे घाण्यातून तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा, ही द्रव्ये पुरेशी आहेत. कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची ढेप म्हशीच्या गव्हाणीतून उचलावी लागते, आणि ती उचलताना घरच्यांनी पाहिले तर मोहीम तेथेच संपते.

मित्र मात्र काळजीने निवडावेत. एकाकडे चारचाकी असावी, एकाला स्वयंपाक यावा, एकाची कोणत्या ना कोणत्या साहेबांशी ओळख असावी, आणि चौथा, ‘तो तलाव आपल्या पाहण्यातला आहे’ असे म्हणणारा, शक्य तो घरीच राहावा. अनुभवाअंती असे दिसते की या चौथ्याने तलाव पाहिलेला असतो तो एस.टी.च्या खिडकीतून, तोही पावसाळ्यात, आणि तो ज्या वाटेने गाडी उतरवायला सांगतो ती वाट त्या वर्षी पाण्याखाली तरी असते किंवा कोणाच्या हरभऱ्यातून तरी जाते. परंतु चौथा घरी राहत नाही. प्रत्येक गटात तो असतोच, आणि तो एखाद्या गटात नसेल तर उरलेल्या तिघांपैकी एक जण गाडी निघताच ती भूमिका स्वीकारतो.

स्थळनिवडीची चर्चा साधारणतः दिवाळीनंतर सुरू होऊन संक्रांतीपर्यंत चालते. पुसदजवळचे पूस धरण, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगावकडचे बेंबळा, पांढरकवड्याकडचे सायखेडा आणि पैनगंगेवर हिंगोलीच्या हद्दीला लागलेले इसापूर ही प्रमुख जलक्षेत्रे होत. यवतमाळकरांनी निळोणा व चापडोह ही दोन धरणे अनोळखी पाण्याच्या यादीतून वगळावीत. २०१७ च्या तोकड्या पावसानंतर २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने नळाची वाट पाहत जे दिवस काढले, त्या काळात या धरणांची उरलेली पातळी शाळकरी पोरांनाही तोंडपाठ झाली होती, आणि ज्या पाण्याचा हिशेब घरोघरी हंड्यांनी झाला त्यात गूढ असे काही राहिलेले नाही. बेंबळ्याचे पाणी वर्धा नदीला आणि पूस, अरुणावतीचे पैनगंगेला जाते, व या दोन्ही नद्या वणी तालुक्याच्या टोकाला एकत्र येतात. त्यावरून ज्यांचा निर्णय संक्रांतीपर्यंत होत नाही त्यांनी सरळ संगमावर जाऊन बसावे, सगळ्या धरणांचे पाणी आपण होऊन समोरून जाईल, असा एक पक्ष मांडला जातो. तो भूगोलाच्या दृष्टीने निर्दोष असला तरी मासे या मताला बांधलेले नाहीत.

स्थळ ठरल्यावर खरा प्रश्न उरतो तो म्हणजे पाणी कोणाचे. तलावातील मासेमारीचा ठेका सामान्यतः स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ही संस्था मत्स्यबीज, त्यातही बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली माशाची पिल्ले, विकत आणून पाण्यात सोडते, ती वाढेपर्यंत राखण करते आणि मग जाळे टाकते. ज्या माशाच्या जन्माचे पैसे दुसऱ्याने भरले आहेत त्याला ‘निसर्गाची देणगी’ म्हणून उचलून नेणे हे शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून काठावर पोचताच आधी संस्थेच्या माणसाला भेटावे. तो ओळखायला सोपा असतो: थर्माकोलच्या ठोकळ्यांवर ताडपत्री गुंडाळून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून, ताटलीएवढ्या पत्र्याच्या दोन तुकड्यांनी पाणी मागे सारत, एकीकडे जाळ्याची दोरी पायाच्या अंगठ्यात धरून तो सावकाश येतो, आणि चौघांच्या काठ्या, डबे, गॉगल व सब्बल यांच्यावरून नजर फिरवून म्हणतो, “भाऊ, पानी थंडं झालं, मासोयी बसली. आता उन्हायातच या.” मत्स्यशास्त्राचा अख्खा धडा या तीन वाक्यांत आटोपतो. मासा थंड रक्ताचा असतो, म्हणजे त्याच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच असते. पाणी थंडावले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि रोहू, कटला, मृगळ हे ऊबदार पाण्याचे मासे खोल, स्थिर जागी जाऊन पडून राहतात. ढेप कितीही मोलाची असली तरी जेवून झोपलेल्याला पंगतीला उठवता येत नाही.

तरीही चौघे बसणारच, म्हणून कोणता मासा कोठे हे सांगणे कर्तव्य ठरते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यानुसार तरंगापासून गळाचे अंतर कमी-जास्त करावे. सायप्रिनस या नावाने बाजारात येणारा मासा मूळचा युरोप-आशियाच्या थंड पाण्यातला असून तिकडे तो बर्फाखाली हिवाळा काढतो, त्यामुळे जिल्ह्याच्या जलाशयांत बर्फाचा वडिलोपार्जित अनुभव असलेला रहिवासी तो एकटाच. याउलट मरळ. हा मासा कल्ल्यांवर भागवत नाही, ठरावीक वेळाने वर येऊन हवा गिळतो. उद्या खरोखरच बेंबळ्यावर ४ इंच बर्फ धरला तर यवतमाळकरांचा हा सर्वांत लाडका आणि बाजारात सर्वांत महाग मासा पाण्यातच गुदमरून मरेल. हिममत्स्यग्रहणाच्या पुरस्कर्त्यांनी थंडीसाठी नवस बोलण्यापूर्वी या मुद्द्याचा विचार करावा.

अनोळखी तलावाच्या तळाविषयी मोबाइलवरचा नकाशा काहीही सांगत नाही. तो निळा रंग दाखवतो आणि थांबतो. तळ माहीत असतो तो प्रकल्पग्रस्ताला, म्हणजे ज्याची जमीन धरणात गेली त्याला. बेंबळ्याच्या काठावर बकऱ्या घेऊन उभा असलेला एखादा म्हातारा बोट दाखवून सांगतो की तिथे बाभळीची रांग होती, म्हणून तंगूस अडकेल, तिथे बांधलेली विहीर होती, म्हणून पोरांनी पोहायला उतरू नये, आणि पलीकडे जे उथळ दिसते ते आपले बारा एकराचे वावर. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे धरणाच्या गाळात ओलाव्यावर पीक घेतले जाते, आणि कधी काळी जो त्या जमिनीचा मालक होता तो तिच्यासाठी शासनाकडे अर्ज करतो. अशा माणसाकडून माहिती घेतल्यावर चहा पाजावा आणि त्याच्या वावरावर गळ टाकायचा झाल्यास निदान त्याच्याकडे पाठ करून टाकू नये.

धोक्यांपैकी बर्फ तडकणे हा विलायती ग्रंथांतील पहिला धोका येथे लागू नाही. त्याची जागा वाघ भरून काढतो. टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये घर सोडून निघाला आणि सुमारे ३,००० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अनोळखी मुलखाच्या शोधात एवढी चिकाटी दाखवणारा दुसरा यवतमाळकर सापडणे कठीण, आणि त्याने वाटेत कोणालाही ‘तो तलाव आपल्या पाहण्यातला आहे’ असे सांगितले नाही. राळेगाव व पांढरकवडा भागातील गावांनी मात्र २०१८ पर्यंत अवनी वाघिणीच्या भीतीत काढलेले दिवस अजून विसरलेले नाहीत, म्हणून त्या बाजूच्या पाण्यावर अंधार पडण्यापूर्वी सामान आवरावे. या नियमाला अपवाद नाही.

थंडीच्या बंदोबस्तासाठी मफलर, घोंगडी, शेकोटी आणि ओल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा एवढे पुरते. रात्रीच्या मुक्कामात चौघांपैकी कोणीतरी आपण केवढी थंडी सोसतो आहोत याचे वर्णन पुतण्याला कळवू लागतो. ते कळवताना आवाज बेताचा ठेवावा, कारण शेजारच्या वावरात त्याच वेळी कोणीतरी ओलिताला आलेला असतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला पहाटे दोनला उठून, घोटाभर गार चिखलात उघड्या पायांनी दारे मोडावी लागतात, आणि त्या माणसाच्या कानावर थर्मासमधला चहा गार झाल्याची तक्रार जाणे बरे दिसत नाही.

सकाळी रिकाम्या डब्याकडे पाहून निराश होऊ नये, कारण येथून मोहिमेचा निर्णायक टप्पा सुरू होतो. आंध्रातून येणारा रोहू-कटला बर्फाच्या चुऱ्यात पुरलेल्या थर्माकोलच्या पेट्यांतून विदर्भाच्या बाजारांत उतरतो. बर्फ वर, मासा खाली, आणि मध्ये हात घालायला जागा, अशी हिममत्स्यग्रहणाची सर्व शास्त्रोक्त अंगे त्या पेटीत एकवटलेली आढळतात. मिनेसोटात आधी बर्फ आणि मग मासा, यवतमाळात आधी मासा आणि मग बर्फ, एवढाच क्रमाचा भेद. ज्यांना बर्फाचा हट्ट नाही त्यांनी काठावरच तराफेवाल्याकडून रात्रीच्या जाळ्यातला ताजा मासा घ्यावा, तो चवीला निःसंशय सरस असतो. कल्ला उचलून लालभडक आहे का आणि डोळा फुगीर, चकचकीत आहे का हे पाहिले की फसगत होत नाही. बर्फाचा हट्ट असलेल्यांनी बाजारात जाऊन पेटीतला हातभर मासा अख्खा मागावा, विक्रेत्याने सवयीने कोयता उचलल्यास त्याला तत्काळ थांबवावे, मफलर व कानटोपी नीट बसवून पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, आणि छायाचित्र काढून होईपर्यंत खवल्यांवरचा बर्फ झटकू नये. छायाचित्र झाल्यावर मात्र तो अवश्य झटकावा व नंतरच मासा काट्यावर ठेवू द्यावा, अन्यथा विक्रेता बर्फही रोहूच्या भावाने मोजतो.