मूळ पुरुष अनिश्चित

ट्रायलोबाइटच्या मागे आयुष्य घालवलेला माणूस गर्दीतही ओळखू येतो. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, सदऱ्याच्या खिशात मऊ केसांचा ब्रश, आणि दगड हातात आला रे आला की आधी त्याला जीभ लावायची सवय. ओल्या दगडावर बारीक रेघा उठून दिसतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण कार्यालयाबाहेर खडीच्या ढिगापाशी उभं राहून भर मुहूर्ताला कुणी हे शास्त्र आचरू लागला, तर वरपक्ष त्याच्याकडे कोणत्या नजरेनं बघतो हे मी पाहिलेलं आहे. तो वधूचा मोठा काका होता. आमच्या वरच्या मजल्यावर राहतो.

आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. 'दगडवाले अप्पा' म्हटलेलं त्यांना चालतं. 'किडेवाले' म्हटलं की मात्र ते जिन्यात अडवतात. ट्रायलोबाइट कीटक नव्हे. संधिपाद खरा, पण कीटक नव्हे. त्याच्या वीस हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, सत्तावीस कोटी वर्षं तो समुद्रात नांदला, आणि 25.2 कोटी वर्षांपूर्वी त्यातला शेवटचा गेला. हे सगळं ऐकून होईपर्यंत आपल्या हातातलं दूध तापायच्या आतच नासायला आलेलं असतं.

नशिबाची थट्टा अशी, की या माणसाला घर मिळालं पुण्यात. पुण्याच्या पायाखाली बेसाल्ट. म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. शेवटचा ट्रायलोबाइट संपून अठरा कोटींच्या वर वर्षं उलटल्यावर आलेला. सिंहगडापासून पुरंदरापर्यंत डोंगर उकरत गेलं तरी त्यात ट्रायलोबाइटची मिशीसुद्धा मिळायची नाही. मिळतात ते स्फटिक. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याशार कॅव्हानसाइटसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. अप्पांना कुणीतरी वाढदिवसाला तो दिला, तर त्यांनी भिंगातून पाहिला, छान म्हणाले आणि विचारलं, "पण याला आईबाप आहेत का?" स्फटिकाला वंश नाही, वंश नाही म्हणजे नाती नाहीत, आणि नाती नसतील त्या गोष्टीत अप्पांना रस नाही. सध्या तो फोनच्या बिलांवर ठेवलेला असतो.

त्यांचा जीव जडलाय तो रेडलिकियावर. हा ट्रायलोबाइटांच्या अगदी सुरुवातीच्या वंशांपैकी एक. 51 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. डोकं रुंद, गालांच्या टोकांना मागे वळलेले काटे, डोळे चंद्रकोरीसारखे लांबट, अंगाला पुष्कळ खंड आणि शेपटी नावापुरती. चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया, हिमालय, असा याचा पसारा. तो काळ गोंडवनाचा, त्यामुळे हे सगळे किनारे तेव्हा एकमेकांपासून आजच्याइतके दूर नव्हते. उत्तर अमेरिकेच्या बाजूला त्याच सुमारास दुसरं घराणं होतं, ओलेनेलसचं. अप्पा त्यांचा उल्लेख 'तिकडचे लोक' असा करतात.

हा वंश पहिल्यांदा छापून आला तो आपल्याकडच्याच दप्तरात. मिठाच्या डोंगररांगेत, आता पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या परिसरात, गोळा झालेले जीवाश्म कार्ल रेडलिक या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाकडे गेले. त्याने 1899 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका'त त्यांचं वर्णन केलं. वंशाचं नाव ठेवलं होएफेरिया, आणि जातीला सर्वेक्षणातल्या फ्रिट्झ नोएटलिंगचं नाव दिलं. झालं असं, की होएफेरिया हे नाव आधीच एका दुसऱ्या प्राण्याला देऊन झालेलं होतं. प्राणिशास्त्रात एक नाव दोघांना चालत नाही. 1902 मध्ये कोसमान नावाच्या शंखशिंपल्यांच्या फ्रेंच अभ्यासकाने ते बदलून रेडलिकिया केलं. म्हणजे रेडलिक दुसऱ्याचा मान करायला गेला आणि नारळ-टोपी त्याच्याच हातात आली. अप्पा हा किस्सा इतक्या गोडीने सांगतात, की जणू बारशाला ते स्वतः पाळण्याची दोरी धरून होते.

एकदा एकादशीला काकूंनी खिचडीत शेंदेलोण घातलं, आणि अप्पांनी पुडी हातात घेऊन व्याख्यान दिलं. खेवड्याचं हे गुलाबी मीठ रेडलिकियाच्या थरांच्या खाली असतं. खाली म्हणजे आधीचं. "सुमे, तू आत्ता जे चिमटीत धरलंयस ते साचलं तेव्हा ट्रायलोबाइट जन्मालाही यायचा होता!" काकू म्हणाल्या, "मग पुरेसं मुरलंय. बसा जेवायला."

खरी करमणूक असते ती अप्पा फोटो काढतात तेव्हा. जीवाश्माचा फोटो नुसता निघत नाही. आधी तो काळ्या शाईने रंगवायचा आणि मग नवसागर तापवून त्याच्या पांढऱ्या धुराचा पातळ थर त्यावर बसवायचा. मग एका बाजूने उजेड टाकला की रेघ न् रेघ उठून दिसते. जगभर ही रीत आहे. अप्पांकडे खरे नमुने थोडे. बहुतेक प्लॅस्टरचे साचे. तरी रीत पाळलीच पाहिजे. आता, आपल्याकडे किराणा दुकानात जाऊन निवृत्त गृहस्थाने अर्धा किलो नवसागर मागितला तर दुकानदाराच्या मनात काय येतं? हातभट्टी. त्यात अप्पांनी त्याच यादीत, काकूंनी सांगितला म्हणून, काळा गूळही लिहिलेला.

"साहेब, दोन्ही एकदम?" दुकानदार हळूच म्हणाला.

"नवसागर माझा, गूळ हिचा," अप्पा म्हणाले.

त्याने आमच्या सोसायटीचं नाव विचारून घेतलं. पुढे कितीतरी दिवस तो अप्पांशी जरा जास्तच अदबीने वागत असे, आणि एकदा तर मला बाजूला घेऊन विचारलं, "माल चांगला असतो का हो?"

मी गच्चीवर हा विधी पाहिला आहे. वाकडी काचेची नळी, खाली स्पिरिटचा दिवा, आणि अप्पा गाल फुगवून हळू हळू फुंकताहेत. नळीच्या तोंडातून पांढरा धूर, आणि काळ्या डोक्यावर बर्फ पडल्यासारखी साय. मग त्यांनी मला भिंग दिलं. डोळ्याच्या पुढून आणि मागून एक केसाएवढी रेघ गेली होती. "ही शिवण," अप्पा कुजबुजले. ट्रायलोबाइट वाढताना कवच टाकायचा. रेडलिकियासारख्यांच्या डोक्याला या शिवणी असायच्या. कात टाकायच्या वेळी त्या उसवायच्या, दोन्ही गाल सुटे व्हायचे आणि आतला प्राणी पुढे सरकून बाहेर. त्यामुळे खडकात सापडतं त्यातलं बरंचसं म्हणजे टाकून दिलेले गालच. ओलेनेलसवाल्यांना या शिवणी नाहीत. ते डोक्याच्या कडेखालून निसटायचे.

"म्हणजे शिवण नसलेले सगळे एका घरातले," मी म्हणालो. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

अप्पांनी दिवा विझवला. भिंग काढून घेतलं. सारखेपणा दोन तऱ्हेचा असतो, ते म्हणाले. एक, मूळपासून सगळ्यांकडेच होता तो. दुसरा, एका फांदीत नव्यानं उपजला तो. नातं फक्त दुसऱ्यावरून ठरतं. शिवण नसणं ही जर सर्वांची मूळची अवस्था असेल, तर ज्यांना शिवण नाही त्यांच्यात आपसांत काही खास जवळीक आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांना शिवण फुटली, ते मात्र एकमेकांचे.

हेच तत्त्व त्यांनी त्या लग्नातही लावलं होतं. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बाळाचं नाक अगदी आजोबांवर गेलंय," तर हे म्हणाले, "नाक तर मलाही आहे." आजोबा व्याही होते. पंगतीत नंतर त्यांच्या पानात श्रीखंड दुसऱ्यांदा आलं नाही.

रेडलिकियाचं नाव ज्या गणाला दिलंय, तो रेडलिकिडा गण हे तर अप्पांचं रोजचं दुखणं. या गणात सुरुवातीचे जवळजवळ सगळे ट्रायलोबाइट घातलेले आहेत. पण पुढचे बरेचसे गण यांच्यातूनच निघाले, आणि त्यांना स्वतंत्र नावं मिळाली. म्हणजे जे वेगळे राहायला गेले त्यांना वगळायचं, आणि मागे वाड्यात उरले त्यांना 'एक कुटुंब' म्हणायचं. "हा गण नाही, हा कप्पा आहे," अप्पा म्हणतात. सगळ्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे, आणि नाव तरीही चालू आहे, कारण सोयीचं आहे. अॅग्नॉस्टिड नावाचे चिमुकले, बहुतेक आंधळे प्राणी ट्रायलोबाइट आहेत की नुसते शेजारी, यावर तर पिढ्यान् पिढ्या भांडण चाललंय. त्यांचं नाव काढलं की अप्पा रक्तदाबाची गोळी घेतात.

अप्पा एकटे नाहीत. ही जमात लंडनपासून अॅडलेडपर्यंत आहे, आणि तिच्यात दोन तट आहेत: तोडणारे आणि जोडणारे. तोडणाऱ्याला गालाचा काटा जरा आखूड दिसला की नवी जात. जोडणारा येऊन त्या दहा जातींची एक करतो आणि नऊ जणांना दुखावतो. हिमालयात तोडणाऱ्यांची चंगळ होती, कारण तिथे डोंगर घडताना खडक असे पिळवटले गेले, की एकाच जातीचा एक नमुना लांबुडका झाला, एक फताडा आणि एक तिरपा. 1992 मध्ये नायजेल ह्यूज आणि पीटर जेल यांनी काश्मीरचे असे वाकडे ट्रायलोबाइट संगणकावर सरळ करून मोजले, तेव्हा वेगवेगळ्या म्हणून नोंदलेल्या कित्येक जाती एकमेकींत विरघळल्या. अप्पा जोडणारे. त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं नमुना चेपल्यामुळे झालेली आहेत. हे मात्र मला पटतं.

गेल्या मे महिन्यात त्यांचे दापोलीकडचे चुलतभाऊ आले. हातात कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा फॉर्म, आणि पिशवीत, कुणाला दिसू नये इतक्या खाली, सातबाऱ्याचे उतारे. मी भजी खायला थांबलो.

"अप्पा, मूळ पुरुषाचं नाव आपण तेच ठेवलंय, पूर्वीच्या आवृत्तीतलं. तुझी फक्त सही."

"पुरावा काय?"

"आजोबा सांगायचे!"

अप्पांनी चष्मा पुसला. ही त्यांची वाईट खूण. 52.1 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत ट्रायलोबाइट पहिल्यांदा दिसतात, ते म्हणाले, सैबेरियात, मोरोक्कोत, आणखी कुठे कुठे. आणि दिसतात तेव्हाच ते वेगवेगळे झालेले असतात. पहिल्याच पानावर बिऱ्हाडं निराळी. त्याआधीच्या खडकांत चिखलात ओरखडे आहेत, कुणीतरी पायांनी खरवडून गेल्यासारखे. पण कवच नाही, देह नाही. कुणी म्हणतं, आधीची मंडळी मऊ होती म्हणून टिकली नाहीत. कुणी म्हणतं, इतका मागे इतिहास नाहीच. "इतक्या जणांनी इतकी वर्षं शोधून मूळ पुरुष मिळालेला नाही. आणि तू आजोबांच्या तोंडचं सांगतोस!"

त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि पहिल्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: 'मूळ पुरुष अनिश्चित'. चुलतभाऊ आवंढा गिळून म्हणाले, "बरं, राहू दे ते. ती वरच्या वाडीतली कलमं... भाऊबंदांत उगाच वाकडं नको म्हणून म्हटलं..."

भाऊबंद हा शब्द ऐकून अप्पांचा चेहरा एकदम उजळला. ऑस्ट्रेलियात कांगारू बेटावर रेडलिकियाची एक जात सापडली, 2019 मध्ये तिचं वर्णन झालं, नाव रेडलिकिया रेक्स. लांबी पंचवीस सेंटिमीटरच्या घरात. पायांच्या मुळाशी काटे, कवचं फोडायला. त्याच थरात जखमा झालेले ट्रायलोबाइट मिळाले, आणि अश्मीभूत विष्ठेत कवचाचे तुकडे. 2022 च्या अभ्यासाचा निष्कर्ष, की हा रेक्स शेजारच्या दुसऱ्या रेडलिकियाला खात असावा, आणि जमेल तेव्हा स्वतःच्या जातीतल्या लहानग्यांनाही. "सख्खा भाऊबंद!" अप्पा भजं उचलत आनंदाने म्हणाले. "आणि बघ, चावा बहुतेक मागच्या बाजूला. समोरून नाही."

चुलतभावांनी पिशवी उचलली. वहिनींना येतो म्हणाले. मी त्यांना पोचवायला खाली उतरलो, तर पहिल्या वळणावरच त्यांनी माझा हात धरला.

"तुम्ही रोजचे बसणारे. खरं सांगा, त्याने वकील कुठला गाठलाय?"